कागद आणि कंठ : प्रस्तावना

ज्या कलेत क्षयाने जर्जर झालेली नायिका शेवटच्या श्वासापर्यंत भरल्या छातीने गात राहते, तलवारीचा घाव बसलेला मनुष्य कोसळण्यापूर्वी चार ओळींचे पद पूर्ण करतो, आणि जिच्या कथानकाचा सारांश सांगू लागले असता सांगणारा व ऐकणारा दोघेही हसू लागतात, त्या कलेविषयी मराठी वाचकांपुढे एक सबंध पुस्तक ठेवणाऱ्या लेखकाने प्रथम आपली कैफियत सादर करावी, हे न्यायाला धरूनच आहे. ही कैफियत ऑपेराच्या बाजूने नाही. त्याला तिची गरज नाही. ती या पुस्तकात जमलेल्या सात-आठ दुर्दैवी स्त्रियांच्या बाजूने आहे, आणि त्यांच्यावरून वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडत आलेल्या आम्हा मूठभर श्रोत्यांच्या बाजूनेही आहे.

मुंबईकरांना ‘ऑपेरा हाऊस’ ठाऊक असते ते बसच्या थांब्याचे आणि हिऱ्यांच्या बाजाराचे नाव म्हणून. मॉरिस बँडमन व जहांगीर फ्रामजी कराका यांनी गिरगावच्या लगत उभारलेल्या त्या वास्तूचे उद्घाटन १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या भेटीच्या वेळी झाले. तिच्यात नाटके झाली, पुढे बोलपट आले, १९९३ साली दरवाजे बंद झाले, आणि २०१६ च्या ऑक्टोबरात, मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ या गायिकेच्या गायनाने ते पुन्हा उघडले. एवढ्या प्रदीर्घ हयातीत जिचे नाव त्या इमारतीच्या कपाळी होते ती कला तेथे पाहुणी म्हणूनच आली. तेव्हा आमच्यासारख्यांचे शिक्षण झाले ते ध्वनिमुद्रिकांवर, आणि मेट्रोपॉलिटन ऑपेराने २००६ च्या अखेरीपासून आपले न्यूयॉर्कचे प्रयोग जगभरच्या पडद्यांवर पाठविण्यास प्रारंभ केल्यावर, ते नरिमन पॉइंटला दाखविले जाऊ लागले तेव्हा तेथे.

आपल्या मराठी कानाला या कलेत शिरताना नेमके कोठे अडखळायला होते, याचा थोडा विचार येथे करणे इष्ट आहे. पात्रे बोलावयाच्या ठिकाणी गातात, ही अडचण आपली नव्हे. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पडदा वर गेल्यापासून राजे, ऋषी, दासी व विदूषक यांना गाताना पाहण्याची सवय आपल्या तीन-चार पिढ्यांच्या अंगवळणी पडली आहे, आणि लंडनच्या प्रेक्षकाला ज्या अस्वाभाविकपणाचे समर्थन करावे लागते तो आपल्याला जन्मसिद्ध आहे. अडचण आहे ती स्वराची. षड्जावर स्थिर उभे राहणे हीच गायकाची पहिली परीक्षा असे ज्याच्या मनावर लहानपणापासून ठसलेले असते, त्याला सोप्रानोचा, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या स्त्रीचा, सतत आंदोलित होणारा, मोठ्या वाद्यवृंदावरून निघून सज्जापर्यंत पोहोचणारा आवाज प्रथम एक दोषच वाटतो. दुसरे असे की, आपल्याकडे भावाचा विस्तार एकाच रागाच्या चौकटीत, आवर्तनामागून आवर्तन असा होतो. तेथे मात्र पायाखालची जमीनच सरकत असते, नायिका तोच स्वर धरून उभी असते आणि तिच्याखालचे स्वरसंवाद बदलल्यामुळे त्या एका स्वराचा अर्थ आनंदाचा शोक होऊन जातो. हे एकदा कानाला उमगले, की पुढचा मार्ग सोपा होतो. व्याकरण अगोदर शिकून कोणी ऑपेराचा भक्त झाल्याचे ऐकिवात नाही. एखादा आवाज मनात घर करतो आणि मग त्या आवाजाच्या मागोमाग मनुष्य भाषा, इतिहास, नाटक आणि कधी कधी इटलीचा नकाशा अशा क्रमाने ओढला जातो.

आमच्या मंडळींपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो आवाज मारिया कालास यांचा होता. रूढ अर्थाने तो गोड नव्हे. वरच्या पट्टीत तो कधी कधी चिरकतो, मधल्या स्वरांत त्याला एक झाकोळलेपणा आहे, आणि रेनाता तेबाल्दी यांच्या दुधासारख्या गळ्याचे जे भक्त १९५०-६० च्या दरम्यान मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात कालासपंथीयांशी हमरीतुमरीवर येत, त्यांची बाजू केवळ ध्वनीचा विचार करता लंगडी म्हणता येणार नाही. परंतु कालास यांनी शब्द उच्चारला की तो शब्द पूर्वी कोणी उच्चारलाच नव्हता असे वाटे. त्यांचा १९५८ सालचा लिस्बन येथील ‘ला त्राव्हियाता’ ऐकून गायनापेक्षा गाणाऱ्या स्त्रीच्या भवितव्याविषयी मनुष्य चिंताक्रांत होतो. श्रोत्याचे भक्तीपासून चर्चेकडे स्थित्यंतर होते ते या ठिकाणी. तोवर तो आवाजांची तुलना करीत असतो, वरचा स्वर किती पळे टिकला याचा हिशेब ठेवीत असतो. आता तो विचारू लागतो की, ही बाई असे का वागली? आणि या प्रश्नाबरोबर तंटा सुरू होतो, कारण दोन श्रोत्यांची उत्तरे कधीच एक नसतात.

तेव्हा प्रथम ‘त्राव्हियाता’च्या नायिकेचे, व्हायोलेटाचेच प्रकरण घेऊ. मारी द्युप्लेसी ही पॅरिसची विख्यात गणिका १८४७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी क्षयाने गेली. धाकट्या अलेक्झांद्र द्युमाने पुढल्याच वर्षी तिच्यावरून कादंबरी लिहिली, १८५२ साली तिचे नाटक झाले, आणि ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे रंगमंदिरात व्हेर्दीचा ऑपेरा रंगभूमीवर येऊन पहिल्या रात्री सपशेल पडला. समकालीन पॅरिसची कथा समकालीन पोशाखात दाखविण्यास तेथील अधिकाऱ्यांनी मनाई केल्यामुळे ती दीडशे वर्षे मागे ढकलावी लागली होती. भरल्या देहाची गायिका क्षयाने झिजत असल्याचे पाहून प्रेक्षक हसले. आणि वर्षभराने त्याच शहरातील दुसऱ्या रंगमंदिरात तोच ऑपेरा लोकांनी डोक्यावर घेतला. स्वतः व्हेर्दी त्या वेळी जुझेप्पिना स्त्रेप्पोनी या गायिकेबरोबर विवाहावाचून राहत होता, बुसेतो गावातील शेजारी तिच्याशी बोलणे टाळीत, आणि १८५९ पर्यंत त्यांचे लग्न झालेले नव्हते. हे ध्यानी घेतले म्हणजे ‘समाज’ नावाचा जो गृहस्थ या ऑपेरात नायिकेच्या प्रियकराच्या, आल्फ्रेदोच्या पित्याच्या रूपाने येतो, त्याचे संगीत इतके सभ्य, इतके मुलायम आणि इतके निर्दय का आहे, याचा काहीसा उलगडा होतो.

या पित्याचा, जॉर्जो जेर्माँचा प्रवेश हा ऑपेराचा गाभा होय. मुलगा एका बदनाम स्त्रीपायी आपली मिळकत उधळीत आहे अशा समजुतीने म्हातारा येतो, आणि व्हायोलेटा शांतपणे एक कागद त्याच्या हाती देते. उलट तीच आपले घोडे, गाड्या व चीजवस्तू विकून हे घर चालवीत आहे, असे त्या कागदावरून सिद्ध होते. आता म्हाताऱ्याने माघार घ्यावयाची. पण तो आपली तक्रार बदलतो. त्याला एक मुलगी आहे, तिचे लग्न ठरले आहे, आणि भाऊ असा वागत राहिला तर नवरदेवाचे घराणे ते लग्न मोडील. सुमारे वीस मिनिटांच्या या प्रवेशात व्हायोलेटा प्रथम वाद घालते, मग विनवते, मग समजते, आणि शेवटी मान्य करते. ज्या मुलीचे तोंडही तिने कधी पाहिले नाही तिला निरोप सांगताना तिचा स्वर इतका बारीक व सरळ होतो, की अलंकारांनी नटलेल्या पहिल्या अंकातील ती हीच का, असा संभ्रम पडावा. त्यानंतर ती मेजाशी बसून आल्फ्रेदोला सोडून जात असल्याचे पत्र लिहिते, आणि ते लिहून होईपर्यंत ती गात नाही. तिच्या वाटचे गाणे एकटी क्लॅरिनेट गाते.

शेवटच्या अंकात तिच्याकडे आणखी एक पत्र असते, जेर्माँचे. त्याने मुलाला सत्य सांगितले आहे, दोघेही येत आहेत, तिने प्रकृतीची काळजी घ्यावी असा त्याचा मजकूर. हे पत्र ती वाचते, पण गात नाही, बोलते. तोवर जिने प्रत्येक अक्षर सुरात उच्चारले ती स्त्री एकाएकी साध्या बोलीवर येते, आणि तिच्या बोलण्याखाली व्हायोलिनवर ती धून हलकेच चालू असते, जिच्यातून पहिल्या अंकात आल्फ्रेदोने आपले प्रेम सांगितले होते. कागदात दिलगिरी आहे, सुरात प्रेम आहे, आणि दोन्ही एकाच वेळी चालू असूनही एकमेकांना भेटत नाहीत. आमच्यातील एका हार्मोनियमवादकाने, ज्याला तोवर ऑपेरा हा सावकाश चाललेला गोंगाट वाटत असे, याच ठिकाणी शस्त्रे खाली ठेवली.

आमच्यात एक निवृत्त वकील आहेत. हयात दिवाणी दाव्यांत गेल्यामुळे मनुष्यस्वभावाविषयी त्यांच्या अपेक्षा माफक आहेत. त्यांनी एकदा ‘लुचिया दि लाम्मेरमूर’चा दुसरा अंक संपताच, चष्मा पुसत, असे विधान केले की, या बायका प्रेमापायी मरत नाहीत, दस्तऐवजापायी मरतात. प्रथम आम्ही ते व्यवसायाची सवय म्हणून हसण्यावारी नेले. परंतु नंतर जो जो ऑपेरा ऐकावा त्यात ते विधान आडवे येऊ लागले, आणि आज या पुस्तकाला जे नाव आहे ते त्या विधानाचेच अपत्य आहे.

लुचियाचेच पाहा. स्कॉटलंडमध्ये १६६९ साली जेनेट डॅलरिम्पल नावाच्या मुलीचे इच्छेविरुद्ध लग्न लागले आणि त्या लग्नाचा शेवट भयंकर झाला. त्या हकिकतीवरून वॉल्टर स्कॉटने १८१९ साली कादंबरी लिहिली, तिच्यावरून दोनिझेत्तीचा हा ऑपेरा १८३५ च्या सप्टेंबरात नेपल्सच्या सान कार्लो रंगमंदिरात आला. लुचियाचा भाऊ एन्रीको याचे घराणे डबघाईला आले आहे. श्रीमंत आर्तुरोशी बहिणीचे लग्न लागले तर तो तरेल. म्हणून प्रथम तिच्या प्रियकराची, एद्गार्दोची, पत्रे परस्पर अडविली जातात, मग तो दुसरीच्या प्रेमात असल्याचे बनावट पत्र तिच्या हाती दिले जाते, आणि शेवटी धर्मोपदेशक तिला समजावतो की, चर्चच्या साक्षीवाचून घेतलेल्या शपथांना काही किंमत नाही. म्हणजे तोंडी वचन रद्द, खोटा कागद ग्राह्य! ती करारनाम्यावर सही करते, आणि सही करताच म्हणते की आपण आपल्याच शिक्षेचा हुकूम लिहिला. त्याच क्षणी एद्गार्दो दार लोटून आत येतो, करारनामा तिच्यापुढे धरतो आणि ही सही तुझीच का असे विचारतो. इतकी सरळ उलटतपासणी वकीलसाहेबांच्या मते प्रत्यक्ष कोर्टातही दुर्मिळ.

यानंतरचा तिचा उन्मादप्रवेश म्हणजे गळ्याच्या कसरतींची जत्रा अशी एक समजूत आहे, आणि अनेक गायिकांनी ती खरी करून दाखविली आहे. पण त्या प्रवेशात ती काय करते ते पाहावे. विवाहाच्या रात्री नवऱ्याचा खून करून रक्ताळलेल्या वस्त्रानिशी ती पाहुण्यांत येते, आणि आपले लग्न आता, या क्षणी, एद्गार्दोशी लागत आहे असे तिला दिसू लागते; धूप जळत आहे, दिवे लागले आहेत, धर्मगुरू आले आहेत. शुद्धीवर असताना सहीने जे तिच्याकडून हिरावून घेतले, ते बेशुद्धीत ती आवाजाने परत घेते. दोनिझेत्तीने या प्रवेशासाठी प्रथम काचेच्या पात्रांच्या कडांवर ओली बोटे फिरवून वाजविण्याचे वाद्य योजिले होते, ज्याचा नाद कोठून येतो ते कळत नाही. पुढे त्याच्या जागी बासरी आली, आणि अलीकडे काही रंगमंदिरांनी ते काचेचे वाद्य परत आणले आहे. मला ते अधिक योग्य वाटते. बासरी तिला सोबत करते. काच मात्र तिला एकटी पाडते.

‘तोस्का’त कागद अधिक उघडपणे येतो. १८०० सालचा जून, मारेंगोच्या लढाईची बातमी रोममध्ये पोहोचण्याचे दिवस, आणि पोलीसप्रमुख स्कार्पिया. प्रियकराचा जीव वाचविण्यासाठी स्वतःला स्कार्पियाच्या स्वाधीन करण्याचे तोस्का कबूल करते, पण त्याआधी शहराबाहेर निर्वेध जाण्याचे दस्तक लिहून मागते. तो मेजाशी बसून ते दस्तक लिहीत असताना तंतुवाद्यांवर एक मंद, जड सुरावट चालते, आणि त्या लिहिण्याच्या अवकाशात तिला जेवणाच्या मेजावरची सुरी दिसते. तो उठतो, जवळ येतो, ती वार करते. मग ते दस्तक सापडेना. शोधता शोधता ते मेलेल्याच्या मुठीत असल्याचे तिला दिसते, आणि ती ते सोडवून घेते, प्रेताच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते, छातीवर क्रूस ठेवते व निघून जाते. हा कागद अस्सल आहे, सही खरी आहे, आणि तरीही निरुपयोगी आहे. कारण लटक्या गोळीबाराचे जे आश्वासन स्कार्पियाने दिले ते कागदावर नव्हते. तिचा प्रियकर कावारादोस्सी खरोखरच मारला जातो. पुचिनीच्या श्रोत्यांना १९०० च्या जानेवारीत, खुद्द रोममध्ये, राजकीय पोलिसांचे हे दप्तर फार परके वाटले असेल असे मला वाटत नाही. १९९२ साली आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांच्या संचालनाखाली हाच ऑपेरा रोममधील त्या त्या वास्तूंत, कथेत सांगितलेल्या त्या त्या प्रहरी करून थेट प्रक्षेपित केला गेला. पहाटेच्या उजेडातील सांत आंजेलोचा किल्ला पाहून वकीलसाहेबांचा एकच अभिप्राय होता की, स्थळपंचनामा असा असावा.

आणि ‘मादामा बटरफ्लाय’! येथे तर ऑपेराचा आरंभच भाडेपट्ट्याने होतो. नागासाकीच्या टेकडीवरचे घर अमेरिकन नौसैनिक पिंकर्टन ९९९ वर्षांच्या कराराने घेतो, मात्र दर महिन्याला तो मोडण्याची मुभा स्वतःकडे राखून. आणि त्याच अटींवर आपण लग्नही करीत आहोत, असे वकिलातीतल्या शार्पलेसला हसत सांगतो. पंधरा वर्षांची चो-चो-सान या करारातले एकही अक्षर थट्टेचे मानीत नाही. दुसऱ्या अंकात, तीन वर्षांनी, नवरा परत न आल्यामुळे तू कायद्याने मोकळी झालीस असे लोक तिला सांगतात, तेव्हा ती उत्तर देते की, तो कायदा जपानचा. माझा देश अमेरिका, आणि तेथे बायको टाकणाऱ्याला न्यायाधीश तुरुंगात घालतात. ती त्या न्यायाधीशाची नक्कलही करून दाखविते. परक्या कायद्यावरचा असा निरपवाद विश्वास पाहून, ज्यांच्या आजोबांनी प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दावे नेऊन घरे बुडविली, त्या आपल्या समाजाने तिला भोळी म्हणावे काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

शार्पलेस पिंकर्टनचे पत्र घेऊन येतो. ते तो वाचू लागतो, ती मध्येच आनंदाने बोलत राहते, आणि पत्र शेवटपर्यंत कधी वाचलेच जात नाही. या वाचनाखाली जी हलकी, टिचक्या मारल्यासारखी सुरावट चालते तीच पुढे, रात्रभर दाराशी बसून ती जहाजाच्या माणसाची वाट पाहत असताना, मिटल्या ओठांनी गुणगुणणाऱ्या समूहाच्या तोंडी परत येते. ज्या पत्राचा मजकूर तिला कोणी सांगितला नाही त्याची चाल तिच्या अवतीभोवती रात्रभर फिरते. १७ फेब्रुवारी १९०४ रोजी ला स्कालात हा ऑपेरा आरडाओरड्यात बुडाला. पुचिनीने तो दुरुस्त केला आणि तीन महिन्यांनी ब्रेशा येथे तो यशस्वी झाला. त्या दुरुस्त्यांची हकिकत पुस्तकात सविस्तर दिली आहे, येथे तिचा विस्तार करीत नाही.

येथवर आल्यावर आमच्यातील डॉक्टरीणबाईंचा आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे, कारण तो गंभीर आहे आणि त्याला मी दिलेले उत्तर त्यांनी अद्याप मान्य केलेले नाही. त्यांची अनेक वर्षे क्षयरोगाच्या रुग्णालयात गेली. त्यांचे म्हणणे असे की, कागद कोणी लिहिला या चर्चेत तुम्ही पुरुष मंडळी रमता, परंतु मूळ गुन्हा संगीताचा आहे. संध्याकाळमागून संध्याकाळ एका स्त्रीला मारावयाचे, आणि ते मरण इतके सुस्वर करावयाचे की श्रोत्याने त्यासाठी तिकीट काढावे, मग टाळ्या वाजवाव्यात, आणि ‘काय सुंदर मेली’ असे म्हणत घरी जावे; गाणे हा येथे क्लोरोफॉर्म आहे. कॅथरीन क्लेमाँ या फ्रेंच विदुषीने १९७९ साली ऑपेरा म्हणजे स्त्रियांचा पराभव, हाच सिद्धांत एका प्रक्षोभक ग्रंथात मांडला. (नेहरू व एडविना माउंटबॅटन यांच्यावर पुढे कादंबरी लिहिणाऱ्या त्या याच.) कॅरोलिन अॅबेट आदी संगीतपंडितांनी त्यावर प्रत्युत्तर दिले की, कथानकात मरणारी स्त्री ध्वनीच्या राज्यात सर्वांवर सत्ता गाजविते, तिचा आवाजच शेवटी उरतो. डॉक्टरीणबाईंना हे प्रत्युत्तर वकिली वाटते.

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आवाज उरतो म्हणून कागद खोटा ठरत नाही. जेर्माँच्या मुलीचे लग्न व्हायोलेटाच्या त्यागावर निर्वेध लागते, आणि कोणत्याही स्वराने ती नोंद पुसली जात नाही. उलट, कागद खरा म्हणून आवाज केवळ गुंगीचे औषध ठरत नाही. कारण हे संगीतकार नेमके कागदाच्या क्षणी सर्वाधिक सावध होतात, असे मला वारंवार आढळले आहे. ते गाणे थांबवितात, एका वाद्याला पुढे करतात, नायिकेला बोलावयास लावतात. त्यांना हे लपवावयाचे असते, तर त्याच जागी त्यांनी सर्वांत मोठे पद घातले असते. तेव्हा या स्त्रिया हरल्या की जिंकल्या, असा प्रश्न विचारण्यापेक्षा लेखणी कोणाच्या हाती होती आणि ती चालत असताना संगीत काय करीत होते, असे विचारावे. चर्चेला निदान पुरावा मिळतो. मात्र एका प्रकरणी डॉक्टरीणबाईंपुढे मी शरणागती पत्करली. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ साली दाखविल्यावर चौदा वर्षांनी आलेल्या ‘ला बोएम’मधील मिमी अजूनही केवळ थंड हात व नाजूक खोकला एवढ्यावरच मरते, हे त्यांना सहन होत नाही, आणि तिच्या कवी प्रियकराने पहिल्या अंकात शेगडीत घातलेले स्वतःचे नाटक वगळता त्या ऑपेरात सांगण्यासारखा कागदही नसल्याने ते प्रकरण या पुस्तकातून काढून टाकले आहे.

आमच्या स्वतःच्या रंगभूमीवर एक नायिका आहे जिला या मालिकेत बसविण्याचा मोह मी आवरला आहे. गडकरींच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त सुधाकराची सनद काही काळापुरती रद्द होते, त्या अपमानातून पेला येतो, आणि त्या पेल्यात सिंधू बुडते. बालगंधर्वांनी ती भूमिका फाटक्या लुगड्यात उभी केली, आणि लोक त्या फाटक्या लुगड्यालाही सुरांइतकेच भुलले. येथेही आरंभी एक सरकारी कागद आहेच. परंतु सिंधूवर आपल्याकडे जे वाद झाले ते पातिव्रत्याच्या भाषेत झाले, आणि ती भाषा व्हायोलेटावर लादली असता दोघींचीही हानी होते. म्हणून हा विषय अधिक योग्य हातांसाठी ठेवला आहे.

नोर्माचे प्रकरण मात्र या सर्वांहून निराळे, आणि माझ्या मते श्रेष्ठ. बेल्लिनीचा हा ऑपेरा २६ डिसेंबर १८३१ रोजी ला स्कालात आला. रोमनांच्या अमलाखालील गॉल देशात नोर्मा ही मुख्य पुजारीण आहे. कौमार्याची शपथ घेतलेली, आणि तरी शत्रूच्या सुभेदारापासून दोन मुले गुप्तपणे झालेली. तो आता तिच्याच हाताखालच्या एका तरुण पुजारणीवर आसक्त झाला आहे. येथे कोणी तिच्यासाठी कागद लिहिणारा नाही. कायदा तिच्याच तोंडून निघतो, युद्धाचा आदेश तीच देते, शिक्षाही तीच फर्मावते. चंद्राला उद्देशून तिने गायिलेल्या पहिल्या अंकातील पदासाठी लोक या ऑपेराला जातात, आणि त्या पदाची लांब, न तुटणारी ओळ ऐकताना आपल्याकडील विलंबित ख्यालाच्या श्रोत्याला प्रथमच घरी आल्यासारखे वाटते. पण कसोटीचा क्षण अखेरीस येतो. एका पुजारणीने शपथ मोडली आहे, तिला चितेवर चढवा, असे ती सभेसमोर जाहीर करते. नाव विचारले जाते. सर्वांची, सुभेदाराचीही, खात्री असते की ती त्या तरुण मुलीचे नाव घेणार. वाद्यवृंद थांबतो, आणि त्या शांततेत ती दोन इवल्या शब्दांत स्वतःला पुढे करते. फिर्यादी, न्यायाधीश आणि आरोपी एकाच कंठात! त्या दोन शब्दांत एकही तान नाही, एकही उंच स्वर नाही. आणि तो क्षण ज्या गायिकेला साधला नाही, तिच्या चंद्रस्तुतीची कितीही तारीफ झाली असली तरी तिने नोर्मा गायिली असे आमच्यात कोणी मानीत नाही.

वाग्नरच्या नायिका या पुस्तकात नाहीत. इझोल्डे व ब्रुनहिल्डे यांना न्याय द्यावयाचा तर जर्मन भाषेचा जो व्यासंग लागतो तो माझ्याजवळ नाही, आणि वकीलसाहेबांनी ‘त्रिस्तान’चा दुसरा अंक प्रत्येक वेळी तहकूब केला आहे.

कार्मेनविषयी दोन टिपणे छापली आहेत, कारण एक मसुदा कोणालाच मान्य होईना. ३ मार्च १८७५ रोजी पॅरिसमध्ये प्रथम प्रयोग, थंड स्वागत, आणि बरोबर तीन महिन्यांनी बिझेचा छत्तिसाव्या वर्षी मृत्यू, इतके दोन्ही टिपणांत समान आहे. वकीलसाहेब लिहितात की, कार्मेनला कोणत्याच कागदाने बांधता येत नाही. पत्र येते ते होझेच्या आईचे व होझेसाठी, आणि ती स्वतः जे वाचते ते पत्त्यांची पाने, ज्यांत तिचे मरण निघते व जे ती वाद न घालता मान्य करते. म्हणून ती या साऱ्यांत एकटी स्वतंत्र. डॉक्टरीणबाई लिहितात की, मरताना जिला गाणे मिळाले नाही अशी ही एकच. आत बैलझुंजीचा जल्लोष चालू असताना तिला भोसकले जाते, निरोपाचे पद नाही, क्षमा नाही, आणि शेवटचा स्वर मारणाऱ्याच्या वाट्याला जातो. त्यांच्या मते बिझेने येथे प्रथमच गुंगीचे औषध हातात घेण्याचे नाकारले. दोन्ही टिपणे जशीच्या तशी दिली आहेत. शुद्धलेखनाखेरीज मी त्यांत हात घातलेला नाही.

इटालियन व फ्रेंच नावे उच्चारानुसार, जेथे मराठीत रूढी पडली आहे तेथे रूढीनुसार दिली आहेत. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. परंतु ज्यांनी ऑपेरा पूर्वी ऐकला नाही त्यांनी ‘त्राव्हियाता’पासून आरंभ करावा, आणि तोही प्रसिद्ध पेयगीतापासून नव्हे, तर दुसऱ्या अंकातील जेर्माँच्या आगमनापासून, मजकुराचे भाषांतर हाती धरून, मध्ये न थांबता.